हंड्याची कुस्ती

धुरपदाआत्याच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर देवांची रांग दिसायची. खंडोबा, विठोबा, दत्त, मग फेटा बांधलेले आत्याचे सासरे, आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्या लांब दाढीचा, मिचमिच्या डोळ्यांचा एक चिनी म्हातारा. बाकीच्यांसारखाच काचेच्या चौकटीत, आणि बाकीच्यांसारखंच रोज सकाळी त्यालाही एक फूल. नवा माणूस घरात आला की हात जोडत रांगेनं पुढं सरकायचा, म्हाताऱ्यापाशी जरा अडखळायचा, आणि उगीच कोप नको म्हणून त्यालाही नमस्कार करून खाली बसायचा.

आत्याच्या मुलाला, दत्ताला, सोयरीक घेऊन वेल्ह्याकडचे पाहुणे आले, तेव्हा मी चहा द्यायला तिथंच होते. मुलीच्या वडलांनी फोटोकडं बघून विचारलं, "हे कुटलं महाराज?"

"लांबचं हायेत," आत्या म्हणाली.

"मठ कुटं त्यांचा?"

"डोंगरात. लई पायऱ्या हायेत."

"आन् नेम काय करावा लागतोय?"

"पहाटं उटून पानी भरायचं. थेंब सांडला तर परत पह्यल्यापासनं."

पाहुण्यांनी गंभीरपणे मान हलवली. "कडक हाय देवस्थान," म्हणाले. लग्न जमलं.

आत्यानं त्यात एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. तो म्हातारा एका कराटेच्या पिक्चरमधला गुरू होता. आमच्याकडं अशा सगळ्या पिक्चरना कराटेच म्हणत, मग ते चीनचे असोत की जपानचे. पिरंगुटच्या सीडीवाल्यानं दुकानाबाहेर लावलेलं पोस्टर आत्यानं मागून आणलं होतं आणि खालचा मजकूर कात्रीनं कापून नुसत्या म्हाताऱ्याला चौकट करून घेतली होती.

आमची वाडी उरवड्याच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. आमचं आणि आत्याचं घर एका भिंतीचं. त्या वाडीतली पहिली पदवीधर मी. हे मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे, आणि पुढं जे सांगणार आहे त्यात त्या पदवीचा कवडीचा उपयोग झाला नाही.

आत्या हाडापेरानं रुंद, उंच, कपाळावर गोंदलेलं, नऊवारीचा काष्टा घट्ट. डोक्यावर हंडा असो की नसो, चालताना मान सरळ. सगळी वाडी तिला आत्याच म्हणायची, माझी आजीसुद्धा. तिचा नवरा म्हणजे पैलवानआबा. एके काळी मुळशी, मावळ, भोर, कुठल्याही जत्रेत त्यांचं नाव पुकारलं की हलगीवाला आपोआप जोरात वाजवायचा म्हणे. "म्हणे" असं मी लिहिते, कारण मी पाहिलेलं नाही. आणि आत्यानंही पाहिलेलं नव्हतं. गोष्ट खरी तिथनंच सुरू होते.

आमच्याकडं कुस्त्यांच्या आखाड्याजवळ बाईमाणूस जात नसे. आखाडा मारुतीचा, पैलवान लंगोटावर, तेव्हा बायकांनी लांब बांधावर उभं राहायचं. तिथनं दिसायच्या गड्यांच्या टोप्या आणि पाठी. मधेच एकदम आरडाओरडा उठायचा, टोप्या हवेत जायच्या, की समजायचं कुणीतरी पडलं. आबा जिंकायचे ते आत्यानं असं टोप्यांवरून ओळखलेलं. घरी आल्यावर आबा सगळी कुस्ती सांगायचे, आणि भोरच्या एका धिप्पाड गड्याला त्यांनी ढाक मारून चीत केला होता ती तर सणावाराला हमखास. ढाक म्हणजे समोरच्याची मान काखेत आवळायची, त्याला कमरेवर घ्यायचा आणि उलथा टाकायचा. आत्याला ती कुस्ती पाठ होती. पण ऐकून माणूस किती बघणार?

"चाळीस वरसं पैलवानाच्या घरात भाकरी थापती," ती म्हणायची, "आन् कुस्ती कशी आसती ते ठावं न्हाई. हलवायाच्या बायकूला पेढा म्हाईत नसावा तसं."

हे कराटेचं वेड लागलं ते गणपतीत. अठ्ठ्याण्णव साल असेल. मंडळानं बायकांसाठी दुपारी व्हिडिओ लावला होता. सांगितलेली कॅसेट कुठल्यातरी संताची, पण दुकानदारानं डबा बदलून दिला. देवळात बायका पदर सावरून बसल्या, कुणी टाळ्या वाजवायच्या तयारीत, आणि पडद्यावर टकले भिक्षू निघाले. बायकांना वाटलं, संतच आहेत. पाचेक मिनिटांनी त्यातल्या एका संतानं दुसऱ्या संताला लाथ मारून दारातनं बाहेर काढला.

मंडळाची पोरं बंद करायला धावली. आत्या पुढच्याच रांगेत होती. म्हणाली, "आरं, ऱ्हाऊ द्या की. कुनाचं नुकसान करतुया का त्यो? लांब तितं चीनमदी चाललंय."

पिक्चर चालू राहिला. त्यात मठात पाणी भरणारा एक गडी होता. खांद्यावर कावड, दोन्हीकडं भरलेल्या बादल्या, आणि जिन्यावर त्याला गुंडांनी अडवलं. कावड खांद्यावरनं न उतरवता त्यानं सगळ्यांना लोळवलं आणि वर जाऊन बादल्या ठेवल्या, काठोकाठ. आत्या उभी राहिली होती. मागच्या बायका ओरडत होत्या, "आगं, बस की खाली." तिला ऐकू येत नव्हतं.

घरी जाताना ती मला म्हणाली, "वैशे, त्यानं हातानं न्हाई मारलं कुनाला. पायानं हुबा ऱ्हायला नुस्ता. हात खोटं बोलत्यात बग. पाय न्हाई."

पुढं दत्ता उरवड्याच्या कंपनीत लागला आणि घरात रंगीत टीव्ही आणि सीडीचा डबा आला. रविवारी दुपारी आत्याच्या घरात अर्धी वाडी. आत्याचे नियम होते. मारामारी चालू असताना बोलायचं नाही. दोघांनी एकमेकांना आधी नमस्कार केला पाहिजे. न करता जो मारायला धावेल तो शेवटी मरणार, हे ती आधीच सांगून टाकायची आणि ते खरं निघायचं. बंदूक निघाली की ती उठून म्हशीला पाणी पाजायला जायची. विटा-कौलं फोडून दाखवणाऱ्यांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. "कौलं माकडं बी फोडत्यात. परवा आपलीच धा फोडली," म्हणायची.

एकदा कुणीतरी विचारलं, "आत्या, हिरोभवती येवडी मानसं, मग येकेकच का येतंय? समदी मिळून धरत का न्हाईत?"

"नंबर लावलाय त्यांनी," आत्या म्हणाली. "रेशनवानी."

पिक्चरची खरी नावं तिनं कधी लक्षात ठेवली नाहीत. तिची नावं वेगळी. पाणक्याचा. खानावळवालीचा, ज्यात एक बाई हातात पळी घेऊन दरोडेखोरांना झोडपते आणि मधे मधे चुलीवरचा भात हलवून येते. दोन दोस्तांचा, ज्यात लहानपणचे मित्र शेवटी समोरासमोर येतात आणि दोघंही रडत रडत मारतात. हा तिनं इतक्या वेळा आणला की सीडीवाला म्हणाला, मावशी, ठेवूनच घ्या. रिमोटवरचं चित्र सावकाश करायचं बटण तिनं कुणी न शिकवता शोधलं होतं. उडी मारायच्या आधी पाय कुठं होता, पडणारा नेमका कशानं पडला, हे ती चित्र थांबवून, टीव्हीजवळ जाऊन, बोट लावून बघायची. काचेवर आत्याच्या बोटांचे ठसे कायम पायांच्या उंचीला.

या पिक्चरना भाषा चिनी आणि खाली इंग्रजी अक्षरं. गोष्ट आत्या सांगायची, तिच्या मनानं. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. म्हटलं, आपण शिकलोय, लोकांना खरं ते सांगू. तर एका रविवारी मी खालची अक्षरं वाचून मराठीत सांगायला लागले. आत्याच्या गोष्टीत तो पाणक्या गुरूच्या बहिणीच्या अब्रूसाठी लढत होता. खाली लिहिलेलं होतं की मठानं दोन वर्षांचा कर थकवलाय.

"कर म्हंजी?" दत्तानं विचारलं.

"घरपट्टीसारखं असेल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आत्या शांतपणे म्हणाली, "तुजं बराबर आसंल, वैशे. तू शिकलियास. पन घरपट्टीपायी कोन भिंतीवर चढंल का?"

पुढच्या रविवारपासून बहीण परत आली. मलाही तेच बरं वाटलं, हे कबूल करते. कराच्या गोष्टीत जीव नव्हता.

आबांना हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. "तारा हायेत," ते म्हणायचे. "कमरंला तारा बांधून उडवत्यात. ही काय कुस्ती हाय? माती न्हाई, घाम न्हाई." पिक्चर लागला की ते मुद्दाम टीव्हीकडं पाठ करून, देवांच्या भिंतीकडं तोंड करून, गुडघ्याला तेल चोळत बसायचे. त्यांचा उजवा गुडघा गेला होता. तरी तालमीत पोरांना शिकवायचे आणि जत्रेत पंच म्हणून आखाड्यात उभे राहायचे.

एकदा दोन दोस्तांचा चालू होता. ऐन मारामारीत आबा मागं न बघता पुटपुटले, "गेला. डावा पाय फुडं टाकला भाड्यानं."

आत्यानं चित्र थांबवलं. पडद्यावर पुढं होता तो उजवा पाय. तिनं पडद्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं, आणि मग आबांच्या समोरच्या भिंतीवर. चिनी म्हाताऱ्याच्या काचेत सगळा टीव्ही दिसत होता. आरशात दिसतो तसा, उलटा.

"कवाधरनं बगताय?" आत्यानं विचारलं.

"काय बगतोय? देवाकडं तोंड करून बसलोय."

"चांगला देव धरलाय," आत्या म्हणाली, आणि त्या दिवसापासून त्या काचेवरची धूळ ती रोज पुसायला लागली.

पण एक प्रश्न तिचा सुटत नव्हता. पिक्चरमधे कुणी कुणाला कमरेवर घेऊन फेकला की ती चित्र थांबवायची आणि विचारायची, "आवं, ढाक आशीच का?"

"न्हाई."

"मग कशी? डावा पाय कुटं आसतोय?"

"तुला काय करायचंय? तारा हायेत त्यांना," असं म्हणून आबा उठून बाहेर जायचे. आबांना सांगता येत नव्हतं, असं मला आता वाटतं. आयुष्यभर अंगानं केलेली गोष्ट तोंडानं सांगायची म्हणजे अवघडच. आणि घरात बायकोला करून दाखवायची तर त्यांना लाज वाटत असणार.

त्याच सुमारास वाडीतली पोरं कराटेनं बिघडली. कुणी खाट मोडली, कुणी गोठ्याच्या दारावर लाथ मारून पाय सुजवून घेतला. आया भांडायला आल्या आत्याकडं. आत्यानं पोरांना ओळीनं उभं केलं. म्हणाली, "शिकायचंय न्हवं? मग मठात कसं शिकवत्यात? आदी पानी." आणि सगळ्या वाडीचं पाणी तिनं त्यांच्याकडनं भरून घेतलं, खालच्या विहिरीवरनं, चढानं, तिच्या माहेरच्या पितळी हंड्यानं. तो हंडा लग्नात तिच्या वडलांनी दिलेला, जाड पत्र्याचा, रिकामाच चार माणसांच्या जीवावर येईल असा. आठवडाभरात आया खूश आणि कराटे बंद. दोनच पोरं टिकली, संतोष आणि बाळू. त्यांना आत्यानं आबांच्या हवाली केलं. आबा म्हणाले, खांदे बरे झालेत पोरांचे. हंड्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

काही वर्षांत दोघंही चांगले पैलवान झाले. मी तोवर पदवी घेऊन हिंजवडीला एका ऑफिसात लागले होते आणि रोज गाडीनं ये-जा करत होते.

त्या साली जत्रेच्या आधी आबा म्हणाले, गुडघा आता उभं राहू देत नाही, पुढच्या वर्षी पंच दुसरा बघा. हे त्यांनी अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं. आत्या आत तांदूळ निवडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "झालं. आता ह्यांची टोपी बी दिसायची न्हाई."

मी तिच्यासमोर बसून खडे वेचायला लागले.

"वैशे, येकदा मला जवळनं बगायचंय. मातीवर. तारा न्हाईत ते."

"कोण जाऊ देईल, आत्या?"

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग जत्रेची पोरं इनामं मागायला आली तेव्हा उठली, माहेरचा हंडा चिंचेनं घासून लख्ख केला आणि त्यांच्या हातात दिला. "शेवटच्या जोडीला लावा. संतोष आन् बाळूच्या," म्हणाली. पोरं आनंदानं घेऊन गेली. असलं इनाम कुणी दिलं नव्हतं. तिच्या मनात काय होतं ते त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

आमच्याकडं चाल अशी की ज्यानं इनाम दिलं त्यानं आखाड्यात यायचं, दोन्ही पैलवानांचे हात धरून एकमेकांच्या हातात द्यायचे आणि मगच कुस्ती लागायची. इनाम देणारा आजवर प्रत्येक वेळी गडीमाणूस, त्यामुळं त्यात दुसरं काही होऊ शकतं असं कुणाला सुचलंच नव्हतं. बायकांनी काही दिलं तरी ते मुलाच्या किंवा नवऱ्याच्या नावानं.

जत्रेच्या दिवशी मीही बांधावर होते. ऊन कलायला लागलेलं, हलगी चालू, समोर नेहमीच्या टोप्या. कुस्त्या पुकारायला बाहेरगावचा एक गडी आणलेला, गोड गळ्याचा. शेवटच्या जोडीची वेळ झाली तसा त्यानं हंडा दोन्ही हातांनी वर उचलून दाखवला आणि शेजारी कुणाला तरी विचारलं, "कुनाचं इनाम?" कुणीतरी सांगितलं. आणि भोंग्यातनं सगळ्या शिवाराला ऐकू गेलं, "धुरपदाबाईंनी कुस्ती लावायला आखाड्यात यावं."

मी शेजारी बघितलं. आत्या तिथं नव्हती. ती केव्हाच बांध उतरून गर्दीच्या कडेला पोचली होती, डोक्यावरनं पदर, अंगावर नवं लुगडं. गड्यांनी वाट दिली. द्यावी की नको याचा विचार व्हायच्या आतच दिली गेली. आम्ही बायकाही मग बांधावरनं खाली सरकलो, जरा जरा करत.

हलगी थांबली. आखाड्याच्या मधोमध आबा उभे होते, भगवा फेटा, हातात काठी. नवरा-बायको एकमेकांकडं बघत राहिले.

"आगं," आबा हळू म्हणाले, "दत्त्याला पाटीव."

"हंडा दत्त्याचा न्हाई. माझ्या माह्यारचा हाय."

गणपतनाना, जत्रेचे कारभारी, वाडीतले सगळ्यात जुने, खुर्चीवरनं म्हणाले, "धुरपदे, बाईमानसानं आखाड्यात यायची चाल न्हाई आपल्यात."

"व्हय, नाना, न्हाई," आत्या म्हणाली. "मग हंडा द्या माघारी. जाती म्या."

आता गंमत बघा. देवाच्या नावानं आलेलं इनाम भर आखाड्यातनं परत पाठवायचं, हेही आमच्यात कधी झालेलं नाही. पुकारणाऱ्याच्या हातात हंडा तसाच. बाळू आणि संतोष अंगाला माती लावून खाली मान घालून उभे. सगळे आबांकडं बघायला लागले.

आबांनी काठी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली. खाली मातीकडं बघितलं. मग म्हणाले, "चपला भायेर काड."

आत्यानं चपला काढल्या आणि आत आली. माती उचलून कपाळाला लावली. मधोमध जाऊन उभी राहिली, आणि हात जोडायच्या ऐवजी तिनं डाव्या पंजावर उजवी मूठ टेकवली आणि कमरेतनं वाकली. अगदी मठातल्यासारखी.

आधी गर्दीला काही कळलं नाही. पण संतोष आणि बाळूला कळलं. दोघांनी, लंगोटावर, मातीनं माखलेल्या अंगानं, तशीच मूठ पंजावर टेकवून वाकून सलामी दिली. मग जो हशा उठला तो पौडापर्यंत गेला असेल. पुकारणाऱ्यालाही हसू आवरेना, भोंग्यातनं नुसता खीखी आवाज. आत्या मात्र हसली नाही. तिनं दोघांचे हात धरून एकमेकांच्या हातात दिले, मागं सरली, बसायला जागा बघितली, पदर सावरून खाली टेकली, आणि वर बघते तर संतोष बाळूच्या छातीवर.

"काय झालं?" आत्यानं विचारलं.

"झाली कुस्ती," आबा म्हणाले.

"झाली?"

"चीत हाय की."

आत्या बघतच राहिली. पिक्चरमधे एवढ्या वेळात माणूस नुसता कमरेचा पट्टा आवळतो. चाळीस वर्षं थांबलेली कुस्ती तिनं पदर सावरताना घालवली होती. आणि मग ती, सगळ्या जत्रेसमोर, घरी रिमोट हातात असताना म्हणायची त्याच आवाजात म्हणाली, "परत लाव."

पुन्हा हशा. पुकारणारा भोंग्यातनं म्हणाला, "माऊली, कुस्ती परत लावत नसत्यात."

पण आबा हसत नव्हते. ते आत्याच्या तोंडाकडं बघत होते. मी जवळ पोचले होते, मला दोघंही दिसत होते. आत्याचा चेहरा पाणक्याची बादली शेवटच्या पायरीवर सांडावी तसा झाला होता.

आबांनी काठी गणपतनानांकडं दिली. फेटा काढून त्यांच्याच मांडीवर ठेवला. "संतोष," म्हणाले, "हिकडं ये."

"आबा, गुडगा," बाळू म्हणाला.

"तू फकस्त मागं हुबा ऱ्हा."

आणि आबांनी ढाक लावली. सावकाश. चित्र हळू करतात तशी. आधी मान काखेत. मग अंग वळलं. मग डावा पाय, हळूच, संतोषच्या पायाच्या पुढं जाऊन मातीत रुतला. "हितं आसतोय," आबा म्हणाले, कुणाकडं न बघता. मग कंबर आत गेली आणि संतोष वर आला.

"थांबा तितंच," आत्या म्हणाली.

आबा थांबले. सत्तरीचा माणूस, कमरेवर जवान गडी, पाय थरथरताहेत, मागनं बाळूनं पाठीला हात लावलेला. आत्या गुडघ्यावर रांगत पुढं गेली, घरी टीव्हीजवळ जायची तशी, आणि पाय बघितले. एकेक. मातीत रुतलेली बोटं बघितली. डाव्या पायापाशी तिनं बोटही लावलं.

"आगं, लवकर," आबा दातओठ खाऊन म्हणाले.

"हां. चालू द्या."

संतोष मातीत पडला, अलगद, पाहुण्याला गादीवर निजवावं तसा. हलगीवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं जलद ठेक्याची घाई लावली. टोप्या उडाल्या. ह्या खेपेला आत्या टोप्यांच्या ह्या बाजूला होती.

हंडा रीतसर संतोषला मिळाला. संध्याकाळी आबा अंगणात पाय पसरून बसले होते, आत्या गुडघ्याला तेल चोळत होती. आबांना धीर निघेना.

"मग? कशी काय वाटली?"

आत्यानं तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तारा न्हवत्या."

आबा त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवले.

पुढच्या वर्षी आखाड्याच्या एका कडेला आत्या आधीच जाऊन बसली होती, पोतं टाकून. कुणी उठवलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पोत्यावर आणखी चौघी. नियम कुणी बदलला नाही, ठराव झाला नाही. आमच्याकडं गोष्टी अशाच बदलतात, कुणीतरी जाऊन बसतं.

माझं लग्न झालं, आम्ही सूसला घर घेतलं. सोसायटीत सगळे बाहेरगावचे, कुणी साताऱ्याचे, कुणी लातूरचे. तिथं माझ्या मुलाला कराटेच्या क्लासला घातलं होतं, पांढऱ्या कपड्यात, पट्ट्यासकट. दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा आत्याला हे सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "पानी कुटलं भरून घेत्यात?" मी म्हटलं, तिथं नळ आहे. तिला त्या क्लासचं काही खरं वाटलं नाही.

मग बोलणं जत्रेवर आलं. आबा आत झोपले होते. आत्या हळू आवाजात म्हणाली, "वैशे, तुला येक सांगू? त्या दिशी संत्याचा अंगटा टेकला व्हता मातीला. आबांवर वजन नगो म्हनून. पोरगं शाणं."

"तू बघितलंस?"

"पायच बगत व्हती की म्या."

"मग बोलली का नाहीस?"

ती आतल्या दाराकडं बघून हसली. "आगं, पैलवान हायेत ते. आन् नवरा बी हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला घेऊन गाडीत बसले. गाडी फाट्यावर जरा थांबली. विहिरीकडच्या वाटेनं आत्या वर येत होती, डोक्यावर स्टीलचा हंडा, त्यावर कळशी, मान सरळ. मी खिडकीतनं हात केला. तिचे दोन्ही हात कळशीला. मुलानं माझ्या मांडीवर उभं राहून, क्लासात शिकवलेली, मूठ पंजावर टेकवून सलामी दिली.

आत्या थांबली. हात मोकळे नव्हते. तिनं सावकाश डावा पाय पुढं टाकला, गुडघ्यात वाकली, आणि भरल्या हंड्यानिशी पवित्रा घेतला. कळशी हलली, पाणी खांद्यावर सांडलं. तिनं खांद्याकडं बघितलं आणि मानेनंच ड्रायव्हरला खूण केली, थांब.

"परत," ती म्हणाली. आवाज आला नाही, ओठ दिसले. दोन पावलं मागं जाऊन तिनं पुन्हा पाय उचलला.

दुसऱ्यांदा सांडलं का नाही, ते मला दिसलं नाही. गाडी वळली होती.